परदेशात बसून कोकणातल्या खानावळीचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठी

मस्कतला आम्ही अकरा वर्षे राहिलो. सुट्टीच्या आदल्या रात्री जेवणे उरकली की आम्ही दोघे गॅलरीत बसून मालवणजवळच्या आमच्या खानावळीबद्दल बोलायचो. खानावळ तेव्हा कुठेच नव्हती, पण तिच्या पडवीतल्या लाद्यांचा रंग ठरला होता, पाटीवरचे नाव ठरले होते, सोलकढी काचेच्या पेल्यातून द्यायची की स्टीलच्या यावर वादसुद्धा होऊन गेला होता. एका सुट्टीत गावी आल्यावर मी हे सगळे सासूबाईंना सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच विचारले, "सगळा बरा आसा गो, पण आषाढात गिऱ्हायकांच्या पानात काय वाढतलंस?"

आता खानावळ उभी आहे. चार टेबले पडवीत, दोन माडांखाली. दुबईहून, दोह्याहून, लंडनहून ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, "वहिनी, आम्हालाही असेच काहीतरी करायचे आहे, कुठून सुरुवात करू?" मी त्यांना सासूबाईंचा तो प्रश्न सांगते. स्वप्न पाहू नका असे मी कुणालाच म्हणणार नाही; परक्या गावातल्या कितीतरी जड संध्याकाळी मला त्या न बांधलेल्या पडवीने तारले आहे. पण ते पाटीच्या नावापासून पाहू नका. पावसापासून पाहा.

पहिली पायरी: बारा पानांची वही

एक वही घ्या आणि प्रत्येक महिन्याला एक पान द्या. पानावर चार गोष्टी लिहायच्या: समुद्र काय देतो, झाडे-शेते काय देतात, गिऱ्हाईक कोण येते, कामाला माणूस मिळते का. हे काम परदेशात बसून, गावी फोन करून पूर्ण होते आणि त्याला एक पैसा लागत नाही.

जून-जुलैची पाने आधी भरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ, आणि दर्याही खवळलेला. त्या दिवसांत ताजी सुरमई म्हणून जी कुणी देते ती बहुधा बाहेरून बर्फात आलेली असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडची मासळी इकडे येऊ लागते. हे गिऱ्हाइकाला खरे सांगून वाढायचे की त्या दोन महिन्यांत ताटच बदलायचे, हे तुम्ही ठरवा. मी ताट बदलते. वडे-कोंबडी, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी नि उकड्या तांदळाचा भात, तळलेले सुके बांगडे, टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या घातलेले अळू. पावसात मुद्दाम गाडी काढून येणारे लोक थोडे असतात, पण ते जेवायला म्हणूनच आलेले असतात, आणि मे महिन्यातल्या गर्दीपेक्षा त्यांना वाढताना मला जास्त आनंद होतो.

गल्फमध्ये राहणाऱ्यांना ही सवय नवी नाही. ओमानमध्ये सुरमईला, तिथल्या भाषेत कनादला, १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असते. मस्कतमधल्या मत्रहच्या मासळी बाजारात ते दोन महिने आम्ही दुसरा मासा घेऊन घरी यायचो आणि कुरकुर करायचो नाही. तीच सवय आपल्या खानावळीतल्या रोजच्या पदार्थांच्या फळ्यावर उतरवायची आहे.

पुढची पाने भराभर भरतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात, पण तो श्रावण असतो; घरोघरी मांसाहार बंद, आणि काही घरांत तो गणपती होईपर्यंत बंदच. गणपतीत माझ्याकडच्या तिघीही जणी सात दिवस येत नाहीत. त्यांनी यावे असे म्हणूही नका, खानावळ बंद ठेवा आणि तुम्हीही आरतीला जा. शिमग्यात तसेच. दिवाळीच्या सुट्टीत घाटावरची मंडळी उतरतात, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जागा पुरत नाही, जानेवारी-फेब्रुवारीत शनिवार-रविवार तेवढे चालतात. मार्चमध्ये ओले काजू येतात. काजूची उसळ ही कोकणाने पाहुण्याला द्यावी अशी सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असे माझे मत आहे, आणि ती फळ्यावर असायलाच हवी, कितीही महाग पडली तरी.

एप्रिल-मे हे गर्दीचे महिने, आणि नेमके तेच बेगमीचेही. बाहेर गिऱ्हाईक उभे आणि मागच्या अंगणात मिरच्या वाळत असतात. वर्षाचा मसाला भाजून डंकावर कुटून आणायचा, कोकमे फोडून आगळ भरायचे, सोले वाळवायची, सुके मासे घ्यायचे, आंब्या-फणसाची साठे घालायची. वळवाची पहिली सर अचानक आली की वर्षभराचा मसाला भिजतो. परदेशातून आलेल्या माणसाच्या मनात मे म्हणजे सुट्टी असते. खानावळवाल्याला मेमध्ये दोन जोडी हात जास्त लागतात, हे त्या पानावर आजच लिहून ठेवा.

दुसरी पायरी: एका ताटाचा हिशेब, रुपयांत

दिरहमात किंवा रियालमध्ये विचार करायचे आधी थांबवा. एक ओमानी रियाल दोनशे रुपयांच्या वर जातो. त्यामुळे ४०० रुपयांचे ताट तिथून 'दोन रियालसुद्धा नाही' असे दिसते, इथली मजुरीही तिथून स्वस्तच दिसते, आणि दोन्ही अंदाज चुकतात.

असे मांडा. समजा सुरमई ८०० रुपये किलोने मिळाली. दोन किलोच्या सुरमईतून ताटात वाढण्याजोग्या बारा तुकड्या निघतात. डोके आणि शेपटीकडचा भाग कालवणात जातो. एक तुकडी साधारण १३३ रुपयांना पडली. कालवणाच्या वाटीचे ३० रुपये धरा. भात, वडे किंवा चपात्या, भाजी, सोलकढी मिळून ६०. तेल, मसाला, गॅस २५. झाले २४८. तीन माणसांची दिवसाची मजुरी २,००० रुपये असेल आणि चाळीस ताटे गेली, तर ताटामागे ५० रुपये मजुरी. एकूण २९८. ताट ४०० ला विकले तर मागे १०२ रुपये राहिले. त्यातून वीजबिल, डागडुजी, फुटलेली भांडी आणि तुमचे स्वतःचे राबणे.

आता तेच गणित बारा ताटांचे करा. मजुरी तीच २,०००, म्हणजे ताटामागे १६७. एकूण ४१५. प्रत्येक ताटाला १५ रुपये पदरचे गेले.

हे दुसरे गणित करायचे फार जण टाळतात. किनाऱ्यावरच्या खानावळीला वर्षातले शंभर-सव्वाशे दिवस चाळीस ताटांचे आणि बाकीचे बाराचे, असे धरूनच चाला. मग सगळे प्रश्न नीट दिसू लागतात: मंद दिवसांत एकच स्वयंपाकी ठेवायची का, आदल्या दिवशी फोन आला तरच चूल पेटवायची का, सोबत मसाला, आगळ नि आंबापोळी विकायची का. मी तिन्ही करते. त्यातल्या तिसऱ्यावर जुलै निघतो.

आणखी एक. पापलेट, सुरमई यांचे दर बंदरावर रोज बदलतात. छापील मेन्यूकार्डावर त्यांचे भाव घालू नका. खडूचा फळा टांगा, रोज सकाळी लिहा. बांगडा थाळी मात्र वर्षभर एका भावात ठेवता येते, आणि गावातला एसटीचा ड्रायव्हर, बँकेतला शिपाई, शाळेतल्या बाई हे तुमचे मंगळवारचे गिऱ्हाईक तीच खातात. बांगड्याच्या कालवणात तिरफळे पडली आणि रस नीट जमला, तर तेच लोक घरी पाहुणे आले की त्यांना घेऊन येतात.

साठवणुकीबद्दल मला धडा मिळाला तो पहिल्याच मेमध्ये. शनिवार-रविवारची गर्दी धरून मी डीप फ्रीझर मासळीने भरून ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी वादळी पाऊस झाला, तारांवर झाड पडले आणि वीज दोन दिवस आली नाही. ती सगळी मासळी आम्ही कलमांच्या मुळाशी पुरली. तेव्हापासून रोजची मासळी रोज घेते, बर्फाच्या पेटीत ठेवते, संपली की फळ्यावरून पुसते. संपली असे सांगायला संकोच वाटू देऊ नका. जनरेटर घ्यायचा की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी साठा कमी करा.

तिसरी पायरी: जागा

स्वप्नातली जागा नेहमी समुद्राला लागून असते, म्हणून ही पायरी नीट वाचा. किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात दाट वस्तीच्या गावांना भरतीरेषेपासून ५० मीटर आणि इतर गावांना २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. खाडीकाठालाही मर्यादा आहेतच. जुने घर असेल तर त्याची दुरुस्ती आणि नवीन बांधकाम या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. कुणी 'होऊन जाईल' म्हणाले म्हणून एकही चिरा रचू नका. जागा नकाशावर कुठल्या पट्ट्यात पडते ते आधी लेखी काढा.

दुसरा अडसर जास्त घरगुती आहे. सातबारा काढा आणि त्यावरची नावे मोजा. आमच्याकडे एकेका गुंठ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची पंधरा-वीस नावे असतात, त्यांतली निम्मी मुंबईला, काही हयात नसलेली. वर्षानुवर्षे कुणी विचारत नाही. तुम्ही पत्रे घातलेत की विचारतात. आणि त्यांचा तो हक्कच आहे. म्हणून गणपतीत सगळे चाकरमानी घरी येतात तेव्हा, पैसे घालायच्या आधी, ओटीवर बसून बोला. संमती कागदावर घ्या. चुलत्यांच्या पाया पडून घेतलेली सही वकिलाच्या नोटिशीपेक्षा कितीतरी लवकर मिळते.

विकत घेण्याचा विचार असेल तर लक्षात ठेवा: परदेशस्थ भारतीयाला घर किंवा दुकानाची जागा घेता येते, शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. शिवाय जमीन शेतीची असेल तर धंद्यासाठी बिगरशेतीचा प्रश्न येतो. मी तर म्हणेन की पहिली तीन वर्षे काही विकत घेऊच नका. रस्त्याकडेचे जुने घर, पुढे पडवी, मागे विहीर, भाड्याने मिळत असेल तर तेच घ्या. चार पावले चालून समुद्र दिसला तरी लोक येतात.

विहिरीचे पाणी एप्रिलच्या शेवटी किती राहते ते शेजाऱ्याला विचारा. समुद्राजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि नेमके तेव्हाच तुमची ताटे दुपटीने धुवायची असतात. पाण्याची तपासणी करून घ्या. ते अहवाल परवान्यालाही कामी येतात. सांडपाणी कुठे जाणार, माशांची खवले नि आतडी कुठे जाणार, हेही त्याच दिवशी ठरवा. आम्ही माडांच्या आळ्यांत खोल पुरतो.

चौथी पायरी: माणूस

दोह्यात बसून, फोनवर, खानावळ चालत नाही. मी हे ठामपणे सांगते. पहाटे लिलावाला उभे राहणारे, मासा उचलून कल्ला लाल आहे का ते पाहणारे माणूस घरचे हवे किंवा घरच्याइतके जिव्हाळ्याचे हवे. दापोलीकडे हर्णै बंदरावर लिलाव वाळूतच भरतो. आमच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली की तिथेच वाटे पडतात. दोन्हीकडे ओळखीवर चालते. पहिले काही महिने तुम्हाला मासा महागच मिळणार. रोज जा, रोख द्या, घासाघीस बेताने करा, मासळीवाल्या मावशीच्या घरच्या आजारपणाची चौकशी करा. सहा महिन्यांनी तीच तुमच्यासाठी चांगली पाटी बाजूला ठेवते.

स्वयंपाकाला मी शहरातून आचारी आणला नाही. वाडीतल्या बचत गटातल्या बायकांशी बोलले. वडे, घावणे, आंबोळ्या त्यांच्या हाताला येतात तशा हॉटेलात शिकलेल्या माणसाला येत नाहीत. पण त्यांना रोज ठरलेल्या वेळी पगार द्या, शेतीची लावणी-कापणी आली की सुट्टी द्या, आणि घरातल्या सुनेसारखे गृहीत धरू नका. ज्या बाईने आयुष्यभर फुकट रांधले तिच्या हातात पहिल्यांदा पैसे ठेवताना मला हा धंदा केल्याचे सर्वात मोठे समाधान मिळाले.

परदेशात आहात तोवर

तिथून धंदा चालवता येत नसला तरी शिकता येते. आपले कालवण वजनावर बसवा. अंदाजाने घातलेला मसाला, चिंच, नारळ प्रत्येक वेळी तराजूत घालून लिहा आणि तेच कालवण निदान वीस वेळा करा. चार माणसांचे चाळीस माणसांना करताना मीठ-तिखट सरळ दहापट होत नाही, रसही तितका आटत नाही. हे हाताला कळावे लागते. महाराष्ट्र मंडळाचा गणपती असेल तर महाप्रसादाच्या स्वयंपाकात शिरा आणि भांडी घासून होईपर्यंत थांबा. मी मस्कतला तीन वर्षे तेच केले.

तिथेच घरून डबे विकण्याचा मोह होतो. नोकरीच्या व्हिसावर स्वतःचा धंदा बहुतेक देशांत परवानगीशिवाय करता येत नाही, आणि अन्न विकायचे तर त्या देशाची वेगळी नोंदणी लागते. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, सुरू करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंद करावी लागते, तीही घरच्या स्वयंपाकघरासाठी. नियम पाहूनच पाऊल टाका. डब्यांपायी नोकरी जाऊ देऊ नका.

पैशांची बाजूही तिथूनच लावा. एनआरई किंवा एनआरओ या परदेशस्थ भारतीयांच्या बँक खात्यांतून भारतातल्या स्वतःच्या लहान धंद्यात भांडवल घालता येते, ते परत बाहेर न नेण्याच्या बोलीवर. कायमचे परतलात की बँकेला कळवून ही खाती निवासी करून घ्यावी लागतात. गावातली कामे भावाने करायची असतील तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. घरखर्चाचे दीड-दोन वर्षांचे पैसे या सगळ्यापासून वेगळे ठेवा. त्यांना हात लावायचा नाही, फ्रीझर बिघडला तरी.

कागद

ही यादी लांब वाटते पण महिनाभरात उरकते. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना फॉसकॉस या संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो; उलाढालीवर ठरते कुठला. त्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागात लावायचा. स्वयंपाक करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. कामगार मोजकेच असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली, म्हणजे २०१७च्या, फक्त ऑनलाइन कळवायचे असते. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी फुकट आहे, पैसे मागणाऱ्याला देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी. वीज व्यावसायिक दराची घ्या, सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच वापरा. घरगुती सिलिंडरवर चालवणे बेकायदा आहे आणि स्वयंपाकघरात चार बायका उभ्या असतात.

मसाला, आगळ, आंबापोळी बाटल्या-पाकिटांतून विकणार असाल तर प्रक्रिया उद्योगासाठी केंद्राची पीएमएफएमई योजना चालू आहे का ते पाहा. पात्र प्रकल्पाला खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन राज्याच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमाचीही चौकशी करा. अनुदान धरून हिशेब मांडू नका, ते आल्यावर धरा.

शेवटची पायरी: दोन तिकिटे

राजीनामा देण्याआधी दोनदा या. पहिल्यांदा मेमध्ये, आणि आंबे खायला नव्हे. ओळखीच्या एखाद्या खानावळीत पंधरा दिवस बिनपगारी उभे राहा. सकाळी साडेपाचला मासे साफ करायला बसा, दुपारी अडीचला दहा माणसांची गाडी न सांगता येते तेव्हा तव्याजवळ थांबा, रात्री मोरी धुवा. पंधराव्या दिवशी पाठ दुखत असूनही उद्या काय शिजवायचे याचा विचार मनात येत असेल, तर दुसरे तिकीट काढा.

ते जुलैचे काढा. जी जागा भाड्याने घेणार आहात तिथेच आठवडाभर राहा. छप्पर कुठे गळते, वीज किती वेळ जाते, रस्त्यावरचा कॉजवे पाण्याखाली गेला की लोक कुठून येतात, बाजारात त्या दिवशी काय मिळते, ते रोज वहीत लिहा. गावातल्या कुठल्या खानावळी उघड्या आहेत त्या बघा आणि तिथे जेवा. त्या मालकांनी सांगितलेले सगळे खरे असते. आणि एक दिवस पाऊस तिरका येईल तेव्हा पडवीत उभे राहा. झड कुठपर्यंत आत येते ते बघून जमिनीवर खडूने रेघ ओढा. तुमची टेबले त्या रेघेच्या आत लागतील.